क्रेनचा दोर तुटण्याआधी इशारा देतो, पण देवरीत तो वाचणार कोण? 'प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स'चं प्रकरण समजून घ्या

देवरीतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एखादा ट्रक उलटला, की सगळे एकाच गोष्टीची वाट बघतात. हायड्राची. मुंबई-कोलकाता रस्त्याचा हा पट्टा छत्तीसगडच्या सीमेला लागून आहे. भिलाई-रायपूरकडून येणारं लोखंड इथूनच पुढे जातं, तांदळाचे ट्रकही इथूनच. पिवळा हायड्रा येतो, बूम वर जातो, पट्टे बांधले जातात आणि दहा-वीस टनांचं धूड हळूहळू सरळ होतं. आजूबाजूला शंभर लोक मोबाइल घेऊन उभे असतात. त्यातले दहा जण तर थेट बूमच्या खाली.

ज्या दोरावर ते धूड लटकलेलं असतं, तो शेवटचा कधी तपासला होता? कुणी तपासला होता? त्याची नोंद कुठे आहे?

बहुतेक वेळा याचं उत्तर ऑपरेटरच्या डोक्यात असतं, कागदावर नसतं. जड उचलणाऱ्या यंत्रांमध्ये बिघाड होण्याआधीच तो ओळखायचा, याला 'प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स' म्हणतात. मोठ्या कंपन्यांमध्ये सध्या या शब्दाची चलती आहे. सेन्सर लावा, डेटा येईल, अपघात टळेल, असं सांगितलं जातं. यात तथ्य किती आणि जाहिरात किती, आणि देवरीसारख्या ठिकाणी यातलं नेमकं काय चालेल?

आधी दोन अपघात

१० सप्टेंबर २०२३. ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळ बाळकुमला ४० मजली इमारतीचं काम सुरू होतं. गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग आटोपून कामगार बांधकामाच्या लिफ्टने खाली येत होते. लिफ्ट कोसळली आणि ७ कामगार गेले. लिफ्टला धरून ठेवणारा एक दोर तुटला, असं प्राथमिक माहितीत पुढे आलं.

१४ मे २०२४. राजस्थानात झुंझुनू जिल्ह्यातली हिंदुस्तान कॉपरची कोलिहान खाण. सुमारे १,८७५ फूट खोलीवर लिफ्टचा दोर तुटला आणि १५ जण अडकले. १४ जणांना बाहेर काढलं, एकाचा जीव गेला. अडकलेले लोक तपासणीसाठीच खाली उतरले होते. त्यात कंपनीचे दक्षता विभागाचे अधिकारीही होते. कागदावर नियम नीट पाळले जातात का, हे बघणारी माणसंही त्याच दोराच्या भरवशावर होती.

दोन्ही बातम्यांत 'अचानक' हा शब्द आला. पण पोलादी दोर सहसा अचानक तुटत नाही.

दोर मरतो कसा?

लहानपणी तार तोडायला पक्कड नसली की काय करायचो? तार पुढे-मागे वाकवत राहायचो. दहा-पंधरा वेळा वाकवली की तुटायची. एका झटक्यात जी तार ओढून तुटत नाही, ती वाकवून वाकवून तुटते. धातूच्या या थकण्याला 'फटीग' म्हणतात. क्रेनचा दोर प्रत्येक वेळी पुलीवरून जाताना वाकतो, पुन्हा सरळ होतो. दिवसात शेकडो वेळा.

हे कळायला माणसाला बऱ्यापैकी उशीर झाला, आणि कळलं तेही माल उचलणाऱ्या साखळ्यांमुळेच. जर्मनीतल्या हार्त्स डोंगररांगांत खाणींचे अधिकारी असलेले विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८२९ च्या सुमारास खाणीच्या साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार देऊन प्रयोग केले. पेलवेल इतक्याच भाराने साखळी तुटते, फक्त तो भार हजारो वेळा यावा लागतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग १८३४ मध्ये त्यांनी अनेक तारा पिळून बनवलेला लोखंडी दोर खाणीत वापरला. त्यामागचा विचार आजही तितकाच खरा आहे. साखळीची एक कडी तुटली की खेळ संपला. दोराची एक तार तुटली तर बाकीच्या शेकडो तारा भार धरून ठेवतात.

म्हणजे तुटलेली तार हाच इशारा. तो डोळ्यांना दिसतो, मोजता येतो, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही.

मोजायचा कसा, याचा नियम जवळपास शंभर वर्षं जुना आहे. गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी १९३२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार झाला. दोराच्या व्यासाच्या आठपट लांबी घ्या, तेवढ्या लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या १० टक्क्यांहून जास्त असतील तर तो दोर वापरू नका, असं त्यात म्हटलं आहे. उदाहरण घेऊ. दोर २० मिलिमीटर जाडीचा आहे. त्याच्या आठपट म्हणजे १६० मिलिमीटर, साधारण वीतभर. दोरात ६ पेड आहेत, प्रत्येक पेडात ३६ तारा, म्हणजे एकूण २१६. वीतभर अंतरात २१ पेक्षा जास्त तारा तुटलेल्या दिसल्या की दोर बाद. आजची मानकं यापेक्षा बारकाईने मोजतात आणि दोराच्या रचनेनुसार मर्यादा बदलते. पण पट्टी आणि दोन डोळे असणाऱ्या कुणालाही हा हिशेब करता येतो.

अडचण आतल्या तारांची. दोराच्या गाभ्यात पाणी गेलं, ग्रीस सुकलं, की गंज आतून लागतो. बाहेरून दोर चकचकीत आणि आतून पोकळ. गोंदिया हा विदर्भातल्या भरपूर पावसाच्या जिल्ह्यांपैकी एक, आणि हायड्रा बारा महिने उघड्यावर उभा. त्यात राईस मिलचा भुसा ग्रीसवर बसला की त्याची लांबीसारखी लुकण तयार होते, आणि तिच्याखाली तार तुटली आहे की नाही हेच दिसत नाही. म्हणून आधी पुसायचं, मग बघायचं. खाणींमध्ये यासाठी चुंबकीय तपासणी करतात. दोर चुंबकीय क्षेत्रातून सरकवला, की आतली तार जिथे तुटली असेल तिथे क्षेत्र बाहेर झिरपतं आणि यंत्र ते टिपतं.

मग प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स म्हणजे नक्की काय?

बाइकवरून समजून घेऊ. चेन तुटली, मग मेकॅनिककडे गेलो, हा पहिला प्रकार. तीन हजार किलोमीटर झाले म्हणून सर्व्हिसिंग केली, गाडीला काही झालेलं असो वा नसो, हा दुसरा. आणि इंजिनचा आवाज बदलला, मायलेज पडलं, म्हणून बिघाडाआधीच गाडी दाखवली, हा तिसरा. तिसरा म्हणजे प्रेडिक्टिव्ह. देवरीतला कुठलाही जुना मिस्त्री हे कानाने करत आला आहे. सेन्सर तेच काम चोवीस तास करतो आणि लिहून ठेवतो.

कंपन मोजणारा सेन्सर हे त्यातलं सर्वांत गाजलेलं साधन. मोबाइल आडवा केला की स्क्रीन फिरते, ती ज्या चिपमुळे, त्याच जातीची ही चिप. बेअरिंगमध्ये बारीक खड्डा पडला की प्रत्येक गोळी त्यावरून जाताना ठोका देते, आणि ठोक्यांच्या गतीवरून खड्डा बेअरिंगच्या कोणत्या भागात आहे तेही कळतं. याशिवाय तापमान मोजतात, मोटर किती करंट घेते ते बघतात, गिअरबॉक्सच्या तेलात लोखंडाचे कण वाढलेत का ते तपासतात.

पण क्रेनच्या बाबतीत इथे एक मेख आहे, आणि विकणारे ती फारशी सांगत नाहीत. कंपनाची तपासणी सलग चालणाऱ्या यंत्रात उत्तम चालते. क्रेनची मोटर मात्र दहा सेकंद चालते, थांबते, उलटी फिरते. कधी रिकामा हुक, कधी पाच टन. दर वेळी कंपन वेगळं, मग बिघाडाचं कोणतं आणि भाराचं कोणतं हे वेगळं काढणं कठीण जातं. चुकीचे इशारे वाढतात. चार वेळा खोटा अलार्म वाजला की पाचव्यांदा ऑपरेटर तो बंद करून टाकतो.

क्रेनसाठी त्याहून कामाचा आहे एक साधा हिशेब: किती भार, किती वेळ उचलला. युरोपातल्या हॉइस्ट उत्पादकांच्या नियमावलीत प्रत्येक श्रेणीच्या हॉइस्टला आयुष्य ठरवून दिलेलं असतं. कारखान्यांत सर्रास दिसणाऱ्या एका श्रेणीसाठी ते पूर्ण भारावर १,६०० तास धरलं जातं. गंमत पुढे आहे. भार अर्धा केला तर झीज निम्मी होत नाही, आठपटीने कमी होते, कारण हिशेब घनाचा आहे. समजा ५ टनांचा हॉइस्ट रोज ४ तास, वर्षाला ३०० दिवस चालतो, म्हणजे १,२०० तास. कायम पूर्ण ५ टन उचलले तर १६ महिन्यांत त्याचं ठरलेलं आयुष्य संपतं आणि तो पूर्ण उघडून दुरुस्त करावा लागतो. कायम अडीच टन उचलले तर तोच हॉइस्ट १० वर्षं ८ महिने चालतो. हाच हिशेब उलट्या बाजूला ओढला, 'थोडं जास्त चालतंय' म्हणत सव्वापट भार टाकला, तर झीज जवळपास दुप्पट.

दोन शेजारी कारखाने, एकाच दिवशी घेतलेले सारखेच हॉइस्ट. एक अजून तरणा, दुसरा म्हातारा. बाहेरून दोन्ही सारखेच पिवळे. नव्या यंत्रांत हा हिशेब ठेवणारं मीटर येतं. जुन्यांत ते वहीत ठेवता येतं.

सेन्सर जिथे काहीच करू शकत नाही

महाराष्ट्रातला अलीकडचा सगळ्यात भीषण क्रेन-अपघात समृद्धी महामार्गावरचा. ३१ जुलै २०२३ ची रात्र सरून १ ऑगस्ट उजाडत होता. शहापूर तालुक्यात सरळांबेजवळ पुलाचे गर्डर बसवणारा अजस्र गर्डर लाँचर शंभर फुटांच्या आसपास उंचीवरून खाली आला. २० कामगार आणि अभियंते ठार झाले. बरोबर तीन वर्षं आधी, १ ऑगस्ट २०२० ला, विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये क्रेन कोसळून ११ जण गेले होते. ती क्रेन तर अजून नियमित वापरातही आली नव्हती, तिची भारचाचणी चालू होती.

प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्सला जुनी आकडेवारी लागते. नव्या यंत्राला भूतकाळच नसतो. लाँचर तर दर काही दिवसांनी पुढे सरकतो, नव्या खांबावर नव्याने टेकतो. तिथे धोका बेअरिंगच्या झिजेपेक्षा यंत्र कसं टेकवलं, कुठे अडकवलं, कोणत्या क्रमाने हलवलं यात असतो. त्याला अभियंत्याची तपासणी लागते, प्रत्येक हालचालीआधी. 'स्मार्ट' क्रेन घेतली म्हणजे सुरक्षा आली, असं मानणाऱ्यांनी या दोन घटना शेजारी ठेवून बघाव्यात.

दुसरं उदाहरण रोजचं आहे. दोन टनांचा भार दोन पट्ट्यांनी उचलायचा. पट्टे सरळ उभे असतील तर प्रत्येकावर एक टन. पट्टे जमिनीशी ६० अंशात असतील तर प्रत्येकावर सुमारे १.१५ टन. आणि पट्टे आखूड पडले, ताणून ३० अंशात बसवले, तर प्रत्येकावर पूर्ण दोन टन! भार तोच, पट्टे तेच, फक्त कोन बदलला. दीड टनाच्या पट्ट्यावर इथे क्षमतेपेक्षा जास्त भार येणार, आणि क्रेनवरचा भार दाखवणारा मीटर शेवटपर्यंत 'दोन टन, सर्व ठीक' असंच दाखवत राहणार. हायड्राने ट्रक उचलताना हा कोन बघणारा माणूस जागेवर असतो का, हे पुढच्या वेळी व्हिडिओ काढताना नक्की बघा. लांब उभं राहून.

देवरीचं खरं उचलणारं यंत्र हायड्रा नाही

गोंदियाला राईस सिटी म्हणतात ते उगाच नाही. इथल्या भातगिरण्यांत धान वर नेतो तो बकेट एलिव्हेटर. उभ्या डब्यात फिरणारा पट्टा आणि त्याला लावलेल्या बादल्या. क्रेन म्हणून याच्याकडे कुणी बघत नाही, पण हंगामात भरडाई सुरू झाली की हे यंत्र तासन्‌तास सलग चालतं. म्हणजे कंपन आणि तापमानाच्या सेन्सरसाठी अगदी योग्य.

इथे धोका पडण्यापेक्षा पेटण्याचा जास्त. पट्टा सरकला, डब्याला घासू लागला, किंवा बेअरिंग तापलं, आणि आत उडणारी धूळ. धान्याची बारीक धूळ बंद डब्यात ठिणगी मिळाल्यावर स्फोटासारखी पेट घेते. अमेरिकेत धान्य कोठारांच्या स्फोटांनंतर १९८७ च्या अखेरीस नियम आला. एलिव्हेटरच्या पट्ट्याचा वेग २० टक्क्यांपर्यंत घटला की यंत्र आपोआप बंद झालं पाहिजे, बेअरिंगच्या तापमानावर लक्ष हवं. त्याच नियमात एक शहाणी सूट आहे. लहान साठवणुकीच्या कोठारांना यातल्या काही उपकरणांऐवजी रोज डोळ्यांनी पाहणी करून भागवता येतं. म्हणजे उपकरण परवडत नसेल तर माणूस लावा, पण दोन्ही नाही असं चालणार नाही.

कायदा काय म्हणतो? इथेच गोची आहे

१९४८ च्या कारखाना कायद्यात याबाबत बऱ्यापैकी स्पष्टता होती. कलम २८ नुसार कारखान्यातल्या हॉइस्ट आणि लिफ्टची सक्षम व्यक्तीकडून किमान दर ६ महिन्यांनी पूर्ण तपासणी. कलम २९ नुसार क्रेन, साखळ्या, दोर, पट्टे यांची किमान दर १२ महिन्यांनी. माणसं नेणारा पाळणा दोरावर असेल तर किमान दोन दोर, आणि प्रत्येक दोर एकटा सगळा भार पेलणारा हवा. फिरत्या क्रेनच्या रुळाजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या ६ मीटरच्या आत येता कामा नये. 'सक्षम व्यक्ती' म्हणजे ओळखीचा फिटर नव्हे, तर मुख्य कारखाना निरीक्षकाने मान्यता दिलेली व्यक्ती. महाराष्ट्रात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये कारखाना कायदा आणि १९९६ चा बांधकाम कामगार कायदा धरून १३ कायदे विलीन झाले. यात दोन गोष्टी देवरीसाठी महत्त्वाच्या आहेत.

एक, 'कारखाना' कुणाला म्हणायचं. मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार पुरेसे होते, संहितेत २० लागतात. पंधरा माणसांवर चालणारी भातगिरणी 'आस्थापना' म्हणून संहितेत राहते, पण कारखान्यांसाठीच्या खास तरतुदींतून सुटते. एलिव्हेटर मात्र तोच, धूळही तीच.

दोन, सहा महिने, बारा महिने, दोन दोर हे तपशील आता कलमांत नाहीत. ते नियम आणि मानकांवर सोपवले आहेत. समर्थकांचा मुद्दा असा की तंत्रज्ञान बदललं की मानक लगेच बदलता येईल, कायदा बदलायला संसदेत जावं लागणार नाही. मुद्दा बरोबर आहे. पण कलमातली गोष्ट बदलायला चर्चा करावी लागते, नियमातली बदलायला अधिसूचना पुरते. सेन्सर आहे म्हणून सहामाही तपासणी वर्षावर नेऊ, अशी सूट उद्या कुणी मागितलीच, तर ती मोठ्या कारखान्यात कदाचित चालून जाईल. जिथे सेन्सरही नाही आणि वहीही नाही, तिथे ती फक्त सूट असेल.

सुरक्षा समिती सक्तीची होण्याची मर्यादा संहितेत कारखान्यासाठी ५०० कामगार इतकी आहे. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉटच्या वीज प्रकल्पासारख्या ठिकाणी ती असेल. देवरीच्या एमआयडीसीतल्या लहान युनिटमध्ये ती नसणार. तिथल्या कामगाराच्या हातात उरतं कलम १४. गंभीर इजेची शक्यता वाटत असेल तर तो थेट मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो. रोजंदारीवरचा हमाल हे कळवेल का, याचं उत्तर देवरीत कुणालाही विचारा.

खर्च कुणाचा, फायदा कुणाचा

हायड्रा बहुधा भाड्याने येतो. यंत्र एकाचं, ऑपरेटर दुसऱ्याचा माणूस, काम तिसऱ्याचं. सेन्सरचा खर्च मालकाने करायचा, वेळ वाचला तर फायदा ठेकेदाराचा, आणि दोर तुटला तर खाली उभा असलेला चौथाच. अशा व्यवहारात देखभाल कुणाच्याच हिताची राहत नाही. भाडं तासावर, म्हणून तपासणीसाठी थांबलेला तास म्हणजे बुडालेला तास. जास्त भार आला की यंत्र थांबवणारा लिमिट स्विच जंपर मारून बंद करणं हा याच गणिताचा भाग आहे. असा हायड्रा कितीही 'स्मार्ट' केला तरी त्याचा पहिला सेन्सर आधीच गळा दाबून बंद केलेला असतो.

बदल करायचा तर तो भाड्याच्या करारात करावा लागेल: तपासणीचं प्रमाणपत्र आणि दोर बदलल्याची तारीख दाखवल्याशिवाय यंत्र साइटवर येणार नाही. मोठ्या कंपन्यांच्या गेटवर हे आजही होतं, प्रमाणपत्राची मुदत संपली तर क्रेन परत पाठवतात. रस्त्यावर ट्रक उचलायला आलेल्या हायड्राला मात्र कुणी काही विचारत नाही.

समृद्धी महामार्ग नागपूरच्या पुढे भंडारा-गोंदियापर्यंत नेण्याचं राज्य सरकारचं नियोजन आहे. तो आला की पूल येतील, आणि पुलांबरोबर लाँचरही. त्यांच्या निविदांत काँक्रीटच्या दर्जाची चाचणी किती वेळा करायची हे नक्की लिहिलेलं असेल. लाँचरच्या प्रत्येक हालचालीआधी सही कुणाची लागेल, ते यंत्र आधीच्या साइटवर किती तास, किती भाराने चाललं याची वही सोबत आणावी लागेल का, हे त्या कागदांत शोधायला हवं. निविदा ऑनलाइन येतात, कुणालाही डाउनलोड करता येतात.